भांड्याच्या आतला बंध: बीड, स्टील, पितळ, नॉनस्टिक आणि काच यांची पारख

भांड्यांच्या दुकानात वजन, चकाकी आणि हमीपत्र दाखवतात. भांडे प्रत्यक्षात कसे वागेल हे मात्र त्याच्या अणूंना एकमेकांशी धरून ठेवणारा बंध ठरवतो. पडल्यावर पोचा येणार की तडा जाणार, चिंचेचे सार त्यात चालणार की कळकणार, ओव्हनमधून काढून गार ओट्यावर ठेवले तर टिकणार की फुटणार, हे त्या बंधावरच अवलंबून असते. म्हणून इथे परीक्षण द्रव्यांचे केले आहे, कंपन्यांचे नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांत दोन वेगळी द्रव्ये असतात. उदाहरणार्थ, बोरोसिलचीच ‘लारा’ ही ताटे-वाट्यांची मालिका दुधी ओपल काचेची आहे, ताप सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेची नव्हे. खोक्यावरचे नाव वाचून अंदाज बांधला तर चुकतो.

धातूत प्रत्येक अणू आपले बाहेरचे एक-दोन किंवा तीन इलेक्ट्रॉन सामाईक साठ्यात सोडतो. उरलेले धन आयन नीट रांगांत बसतात आणि सुटे इलेक्ट्रॉन त्या सगळ्यांना मिळून बांधून ठेवतात. या बंधाला ठरावीक दिशा नसते. त्यामुळे घाव बसला तर अणूंचा एक थर दुसऱ्यावरून घसरतो, नव्या जागी बसतो आणि बंध कायम राहतो. पोचा येतो तो असा. तेच सुटे इलेक्ट्रॉन उष्णताही वाहून नेतात. वॅट प्रति मीटर प्रति अंश या मापात तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, अॅल्युमिनियमची २३७, पितळेची ११० ते १२०, बिडाची ५० च्या आसपास, ३०४ प्रतीच्या स्टेनलेसची १६ आणि काचेची जेमतेम १ आहे. हे आकडे दुकानात जाताना लक्षात असले तर विक्रेत्याचे निम्मे दावे जागच्या जागी तपासता येतात.

स्टेनलेस: आधी कड पाहा, मग किंमत

शुद्ध लोखंडाची वाहकता ८० आहे. त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल मिसळले की ती १६ वर येते, कारण वेगळ्या जातीचे अणू जाळीत, म्हणजे अणूंच्या त्या रांगांच्या मांडणीत, विखुरलेले असले की इलेक्ट्रॉन वाटेत अडखळतात. एकेरी पत्र्याच्या स्टीलच्या पातेल्यात दूध नेमके ज्योतीच्या कड्याएवढ्या गोलात लागते, त्याचे कारण हेच. तळावर पडलेली उष्णता बाजूला पसरतच नाही. असे पातेले पाणी तापवायला, डाळ-तांदूळ शिजवायला आणि साठवणीला उत्तम आहे. बासुंदी, खीर, गूळ-नारळाचे सारण यांसाठी ते घेऊ नये.

ट्रायप्लाय भांडे हा यावरचा चांगला उपाय आहे. आत ३०४ स्टील, मध्ये अॅल्युमिनियम आणि बाहेर ४३० स्टील असे तीन थर दाबून एक केलेले असतात. यात प्रत्येक थराला काम आहे. साध्या तापमानाला लोखंडाच्या जाळीत प्रत्येक अणूला ८ शेजारी असतात आणि ६८ टक्के जागा भरलेली असते. निकेल घातले की जाळी बदलते, शेजारी १२ होतात, जागा ७४ टक्के भरते आणि चुंबकत्व जाते. ते झाले ३०४. ४३० मध्ये निकेल जवळजवळ नसते, जाळी लोखंडासारखीच राहते, म्हणून ते चुंबकाला चिकटते आणि इंडक्शनवर तापते. मधले अॅल्युमिनियम उष्णता पसरवते.

घेताना भांड्याची कापलेली कड उजेडात धरा. तीन थरांच्या रेषा कडेपर्यंत दिसल्या तर ते पूर्ण ट्रायप्लाय. रेषा दिसत नसतील आणि तळाला फक्त एक जाड चकती असेल, तर तो सँडविच तळ आहे. सँडविच तळ वाईट नाही, पण मोठ्या बर्नरवर ज्योत चकतीच्या बाहेर जाते आणि तिथल्या एकेरी पत्र्यावर रस्सा करपतो. एकूण जाडी २.५ मिलिमीटरच्या आसपास असावी. घरात एकच चांगले भांडे घ्यायचे असेल, तर पूर्ण ट्रायप्लाय कढई घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

चुंबकाच्या परीक्षेबद्दल बाजारात फार गैरसमज आहेत. चुंबक चिकटले नाही म्हणजे ३०४, हे खरे नाही. २०२ प्रतीच्या स्टीलमध्ये निकेल ४ ते ६ टक्केच असते, उरलेले काम ७.५ ते १० टक्के मँगनीज करते, आणि तेही चुंबकाला चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ च्या डब्याच्या वळवलेल्या कडेला चुंबक किंचित ओढले जाते, कारण गार पत्रा जोराने वाकवताना जाळीचा काही भाग बदलतो. ट्रायप्लायमध्ये तर बाहेरचे ४३० आतूनही चुंबक ओढते. तेव्हा तळावर कोरलेली प्रत पाहा आणि आयएसआय चिन्ह पाहा. स्टेनलेसच्या भांड्यांसाठी मानक आयएस १४७५६ आहे आणि २०२४ च्या केंद्रीय आदेशाने हे चिन्ह बंधनकारक झाले आहे. २०२ चे डबे कोरड्या जिनसांसाठी ठीक आहेत. लोणचे, मीठ, कोकम आगळ यांसाठी ते नकोत.

स्टेनलेसला गंज न लागण्याचे श्रेय क्रोमियम ऑक्साइडच्या थराला आहे. तो काही नॅनोमीटरच जाड असतो आणि ओरखडा गेला तर हवेत आपोआप भरून येतो. मिठातला क्लोराइड मात्र तो जागोजाग फोडतो. गार पाण्यात मीठ टाकले की ते तळाशी बसते, खड्याखाली क्लोराइड एकवटते आणि सुईच्या टोकाएवढे पांढरट खड्डे पडतात. ते पुन्हा भरत नाहीत. म्हणून मीठ पाण्याला उकळी आल्यावर घालावे आणि लगेच ढवळावे. निळसर-जांभळी झाक हा दोष नाही. जास्त तापल्याने ऑक्साइडचा थर थोडा जाड झालेला असतो. लिंबू किंवा व्हिनेगर चोळले की तो रंग जातो.

तांबे-पितळ: ठोकणी आणि कल्हई

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठारकाम करतात. हातोड्याच्या ठोक्यांचे ते छोटे चकाकते चट्टे शोभेसाठी आहेत असे अनेकांना वाटते. खरे काम वेगळे आहे. तांबे नरम असते, कारण त्याच्या जाळीत थर घसरायला पुष्कळ वाटा असतात. ठोकत गेले की या घसरणीच्या रेषा एकमेकींत अडकतात, पुढची घसरण थांबते आणि पत्रा कडक होतो. फार ठोकला तर तो चिरतो, म्हणून कारागीर मधून मधून भट्टीत तापवून अणूंना पुन्हा नीट रांगांत बसू देतात. मठारलेला हंडा किंवा तांब्या घेताना आतून बोट फिरवा. ठोके एकसारखे आणि एकमेकांना लागून असावेत. मध्ये गुळगुळीत पट्टा राहिला असेल, तर तिथे पोचा लवकर येतो. यंत्रावर छाप मारलेल्या भांड्यावर चट्टे अगदी सारख्या मापाचे आणि सारख्या अंतरावर दिसतात. ते वापरायला वाईट नाही, पण हातकामाची किंमत त्याला देऊ नये.

स्वयंपाकासाठी पितळ घेतले की कल्हई आलीच. आंबट पदार्थ आणि हवा यांच्या संगतीत तांब्याचे आयन सुटतात, ताक-आमटी कळकते आणि पोटाला बाधते. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. कथिल २३२ अंशांना वितळते, आणि वापराची मर्यादा याच आकड्याने ठरते. पाणी असलेला पदार्थ १०० अंशांच्या फार वर जात नाही, तो चालतो. १८० अंशांचे तळण काठावर चालते. कडकडीत फोडणी आणि रिकामे भांडे ज्योतीवर ठेवणे, ही दोन कामे कल्हईची वाट लावतात. थर वितळून मणी होतात आणि खालचे पिवळे उघडे पडते.

कल्हई करून घेताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे. भांडे आतून घासून धातू पूर्ण उघडा केलेला असावा. तापवल्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर निघतो. त्या वेळी सुटणारे हायड्रोजन क्लोराइड पृष्ठावरचे ऑक्साइड काढते आणि कथिल थेट तांब्या-जस्ताशी जुळते. ही पायरी टाळली तर थर पापुद्र्यासारखा सुटतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: कथिल शुद्ध हवे. शिसे मिसळलेले डाख १८३ अंशांनाच वितळू शकते, कारागिराला ते सोपे जाते आणि खाणाऱ्याला घातक ठरते. शुद्ध कथिलाची कांडी दाखवायला सांगण्यात संकोच नको. चांगली कल्हई रुपेरी आणि सलग दिसते. रुपयाच्या नाण्याएवढा पिवळा भाग उघडा पडला की पुन्हा करून घ्यावी. तारेची घासणी वापरू नये, कथिल फार मऊ आहे.

बंधाचा खेळ पाहायचा तर कथिलासारखे उदाहरण नाही. १३ अंशांच्या खाली त्याचे स्थिर रूप करड्या रंगाचे असते. त्यात अणू हिऱ्याच्या जाळीसारखे, प्रत्येकी चार ठाम दिशांचे बंध करून बसतात, आणि धातूचा भुगा होतो. अणू तेच असतात, बंध बदललेला असतो. आपल्याकडच्या हवेत कल्हईला ही भीती नाही. हा बदल मुळात अतिशय सावकाश होतो आणि थोड्याशा भेसळीनेही रोखला जातो.

बीड: लोखंडात अडकलेला अधातू

लोखंडी तवा वाकतो आणि बिडाचा फुटतो. दोन्ही लोखंडच, मग फरक कशाचा? पत्र्याच्या लोखंडात कार्बन पाव टक्क्याहून कमी असतो. बिडात तो ३ ते ३.५ टक्के असतो, सोबत २ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन. एवढा कार्बन लोखंडाच्या जाळीत मावत नाही. सिलिकॉनमुळे तो ओतीव गार होताना ग्रॅफाइटच्या पाकळ्या होऊन वेगळा पडतो. ग्रॅफाइटमध्ये एका थरातले कार्बन अणू ०.१४२ नॅनोमीटर अंतरावर मजबूत सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेणाऱ्या) बंधांनी जोडलेले असतात. दोन थरांमधले अंतर मात्र ०.३३५ नॅनोमीटर असते आणि त्यांच्यातले आकर्षण क्षीण असते. म्हणजे बिडाच्या अंगात हजारो बारीक भेगा आधीच तयार असतात. ताण आला की तडा एका पाकळीवरून दुसरीवर जातो आणि लोखंडाला वाकायची संधीच मिळत नाही. तापलेला तवा नळाखाली धरला की तो याच वाटेने चिरतो.

या पाकळ्यांवरून बिडाला नावे ठेवू नयेत. कार्बनमुळे ते सुमारे ११५० ते १२०० अंशांना ओतता येते, शुद्ध लोखंडाला १५३८ अंश लागतात. आणि तव्याचे खरे गुण जाडीतून येतात. अडीच किलोचा बिडाचा तवा एका अंशामागे सुमारे ११५० ज्यूल उष्णता साठवतो. सहाशे ग्रॅमचा अॅल्युमिनियमचा नॉनस्टिक तवा ५४० ज्यूल. गार पीठ ओतल्यावर बिडाचा तवा त्यामानाने निम्म्याहून कमी उतरतो, म्हणून घावन-आंबोळीला जाळी पडते आणि दुसरे घावन पहिल्याइतकेच चांगले होते. वाहकता कमी असल्याने तो मंद-मध्यम आचेवर ७-८ मिनिटे तापू द्यावा लागतो. मोठ्या ज्योतीवर घाई केली तर मध्य तापतो, कड गार राहते आणि ताण वाढतो.

घेताना तवा कडीला धरून लाकडी चमच्याने वाजवा. आवाज सलग यायला हवा. तो फाटका किंवा खरखरता आला तर आत चीर आहे. पृष्ठावर वाळूचे कण किंवा खोल छिद्रे नकोत. बारीक खरखरीतपणा चालतो, वापराने तो भरतो.

तवा मुरवण्यातच बहुतेकांचे चुकते. मुरवणे म्हणजे तेल पाजणे नव्हे. तेलातल्या साखळ्यांमध्ये जिथे दुहेरी बंध असतात तिथे हवेतला ऑक्सिजन घुसतो, साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि कडक, अस्फटिकी (अणूंच्या ठरावीक रांगा नसलेले), सलग जाळे तयार होते. म्हणून तेलात दुहेरी बंध हवेत. करडईचे किंवा सूर्यफुलाचे तेल यासाठी उत्तम. जवसाचे सर्वांत कडक थर देते, पण तो थर पुढे पापुद्र्यांनी सुटतो. खोबरेल आणि तूप इथे उपयोगाचे नाहीत, त्यांच्यात दुहेरी बंध फार थोडे असतात.

नव्या तव्यावर गंज लागू नये म्हणून तेल-मेणाचा थर दिलेला असतो. तो गरम पाणी आणि साबणाने पूर्ण घासून काढावा आणि तवा ज्योतीवर कोरडा करावा. कोमट असताना चहाचा अर्धा चमचा तेल दोन्ही बाजूंना चोळावे, आणि मग कोरड्या फडक्याने असे पुसावे की जणू तेल लावलेच नव्हते. ओव्हन असेल तर २३० अंशांना एक तास पालथा ठेवावा आणि आतच गार होऊ द्यावा. असे तीन-चार थर द्यावेत. ओव्हन नसेल तर मध्यम आचेवर हलका धूर येऊन थांबेपर्यंत तापवावा, गार करावा, पुन्हा करावे. कडेला थर कमी बसेल, तो वापरात भरून येईल. तवा चिकट राहिला तर तेल जास्त झाले किंवा ताप कमी पडला. त्याला आणखी एक तास ताप द्यावा, नवे तेल लावू नये. ‘आधीच मुरवलेला’ असे लिहिलेल्या तव्यालाही दोन थर द्यावेत, कारखान्यातला थर पातळ असतो.

साध्या भांडी घासायच्या साबणाने हा थर जात नाही. धुण्याचा सोडा आणि डिशवॉशरची पावडर मात्र त्याचे बंध तोडते. चिंच, कोकम, टोमॅटो खालच्या लोखंडावर हल्ला करतात आणि थर उचकटतो. फोडणीपुरते चालेल, तासभर उकळणे नाही.

नॉनस्टिक आणि अॅनोडाइज्ड

नॉनस्टिकचा थर ज्याचा असतो ते प्लॅस्टिक, पीटीएफई, १९३८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडले. कार्बनच्या लांब साखळीभोवती फ्लोरिनचे कवच, आणि कार्बन-फ्लोरिन बंध अतिशय बळकट. साखळीच्या आत घट्ट, बाहेरच्या कशाशी जवळीक नाही. म्हणून अन्न चिकटत नाही, आणि याच कारणाने तो थर खालच्या अॅल्युमिनियमलाही नीट धरत नाही. धातू खरखरीत करून, मध्ये अस्तर देऊन त्याला अडकवावे लागते. २६० अंशांपर्यंत तो सुरक्षित आहे. ३५० च्या वर त्याचे विघटन होऊन विषारी वायू निघतात, आणि मोठ्या ज्योतीवर रिकामा तवा तिथे काही मिनिटांत पोहोचतो. घरात पक्षी पाळले असतील तर नॉनस्टिक नकोच, हा धूर त्यांना मारतो.

‘ग्रॅनाइट’, ‘मार्बल’, ‘डायमंड’ ही नावे वाचून जादा पैसे देऊ नयेत. बहुतेक वेळा ते ठिपके टाकलेले पीटीएफईच असते. हिऱ्याची वाहकता २००० च्या घरात आहे हे खरे, पण ती सलग स्फटिकाची. प्लॅस्टिकच्या थरात विखुरलेली चिमूटभर भुकटी तव्याला काही देत नाही. ‘सिरॅमिक’ नॉनस्टिक वेगळे असते. तो सिलिकॉन-ऑक्सिजनचा अस्फटिकी थर आहे, ताप जास्त सोसतो, पण न चिकटण्याचा गुण पीटीएफईपेक्षा लवकर गमावतो. अंडी आणि धिरड्यांसाठी एक लहान नॉनस्टिक पॅन ठेवावा, लाकडी उलथने वापरावे, थर सुटू लागला की टाकावा. पूर्ण संच घेण्यात अर्थ नाही.

हार्ड अॅनोडाइज्ड कढई मात्र पैसे वसूल करते. गंधकाम्लाच्या गार द्रावणात वीज सोडून अॅल्युमिनियमवरच त्याच्या ऑक्साइडचा थर वाढवतात. तो २५ ते ५० मायक्रॉन किंवा जास्त जाड आणि बराचसा अस्फटिकी असतो. धातूतूनच उगवलेला असल्याने तो सोलून निघत नाही. खाण्याचा सोडा घालून त्यात कडधान्य शिजवू नये, डिशवॉशरमध्ये घालू नये. अल्क तो थर विरघळवतो आणि करड्या जागी पांढरे डाग पडतात.

काच: इथे नीट तपासून घ्या

काचेत सुटे इलेक्ट्रॉन नाहीत. प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनना ठाम दिशांच्या बंधांनी धरतो, प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनना जोडतो. जवळून पाहिले तर रचना स्फटिकी क्वार्ट्झसारखीच, पण चार-सहा अणूंपलीकडे शिस्त राहत नाही. हे चित्र भौतिकशास्त्रज्ञ झकारियासेन यांनी १९३२ मध्ये मांडले. रांगा नाहीत, म्हणून घसरणीची वाट नाही. ओरखड्याच्या टोकाशी ताण एकवटला की बंध तुटतो, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. काच पोचा खात नाही ती यामुळे. सगळे बंध सारख्या ताकदीचे नसल्याने तिला ठरावीक वितळबिंदूही नाही, ती हळूहळू मऊ होत जाते. जुन्या खिडक्यांची काच खाली ओघळते असे जे सांगतात ते चूक आहे, साध्या तापमानाला काच वाहत नाही. आणि अस्फटिकी म्हणजे काचच असेही नाही. १९६० मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक संस्थेत पोल डुवेझ यांच्या गटाने सोने-सिलिकॉनचा वितळलेला रस क्षणार्धात थिजवून अस्फटिकी धातू केला होता.

स्वयंपाकघरात दोन काचा महत्त्वाच्या. सोडा-लाइम काचेत सुमारे ७० ते ७४ टक्के सिलिका, १२ ते १५ टक्के सोडियम ऑक्साइड आणि १० टक्क्यांच्या आसपास चुना असतो. सोडियम ऑक्सिजनचे पूल तोडतो, जाळे सैल होते, काच स्वस्तात वितळते, पण तापल्यावर जास्त फुगते. बोरोसिलिकेटमध्ये ८० टक्के सिलिका, १२ ते १३ टक्के बोरॉन ऑक्साइड आणि सोडियम फक्त ४ टक्क्यांच्या जवळपास. जाळे घट्ट राहते. जर्मनीतल्या येना येथे ओटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही काच घडवली, १९१५ मध्ये अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीने पायरेक्स नावाने ती स्वयंपाकघरात आणली.

आता हिशेब करू. एका अंशाला सोडा-लाइम प्रति मीटर ९ मायक्रोमीटर वाढते, बोरोसिलिकेट ३.३. काचेच्या एका बाजूला अचानक १०० अंशांचा फरक पडला तर सोडा-लाइममध्ये सुमारे ८० मेगापास्कल (ताणाचे माप) ताण येऊ शकतो, बोरोसिलिकेटमध्ये २६. रोज घासलेल्या, बारीक ओरखडे असलेल्या काचेची ताकद ३० ते ५० मेगापास्कल धरावी. साधी काच इथेच हरते. टफन्ड सोडा-लाइमला ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने गार करतात. पृष्ठ आधी घट्ट होते, गाभा नंतर आकसतो आणि पृष्ठाला सुमारे ७० मेगापास्कलने दाबून ठेवतो. बाहेरचा ताण आधी तो दाब संपवतो, म्हणून ती टिकते, आपटणेही बोरोसिलिकेटपेक्षा चांगले सोसते. पण खोल ओरखडा दाबाचा थर ओलांडून गेला की पूर्ण भांडे एकदम खड्यांच्या राशीत फुटते, कधी कधी नुसते ओट्यावर असतानाही.

फ्रीझरमधले उणे १८ चे भांडे २०० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले तर फरक २१८ अंशांचा. बोरोसिलिकेटमध्येही ताण ५७ मेगापास्कलपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे ‘फ्रीझरमधून थेट ओव्हनमध्ये’ हा दावा जुन्या, घासलेल्या भांड्याच्या बाबतीत मान्य करू नये. आधी ते खोलीच्या तापमानाला आणावे.

ओळखायचे कसे? कड पाहून हिरवट झाक दिसली तर बहुधा सोडा-लाइम, पण नसली तर काही सिद्ध होत नाही. सर्वांत सोपी परीक्षा ग्लिसरीनची. बोरोसिलिकेटचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचे माप) १.४७३ आणि ग्लिसरीनचाही तेवढाच. लहान वाटी किंवा भांड्याचा कोपरा ग्लिसरीनमध्ये बुडवला की बोरोसिलिकेटची कड जवळजवळ नाहीशी होते. सोडा-लाइमचा अपवर्तनांक १.५२ आहे, तिची कड स्पष्ट दिसत राहते. सूर्यफूल तेलातही हे बऱ्यापैकी जमते. भांडे मोठे असेल तर घनता काढा. कोरडे वजन घ्या, मग काठोकाठ भरलेल्या बादलीत पूर्ण बुडवून सांडलेले पाणी मोजा. एक किलोचे भांडे बोरोसिलिकेट असेल तर सुमारे ४५० मिलिलिटर पाणी सांडेल, सोडा-लाइम असेल तर ४००. टफन्ड आहे का हे पाहायला लॅपटॉपचा पांढरा पडदा आणि पोलरॉइड गॉगल पुरतो. मध्ये भांडे धरले की कोंडलेल्या ताणाचे काळे-रंगीत पट्टे दिसतात.

अमेरिकेतून पायरेक्सची भांडी आणणाऱ्यांसाठी: तिथल्या दुकानांत आज या नावाने मिळणारी भांडी टफन्ड सोडा-लाइमची असतात, युरोपात त्याच नावाने बोरोसिलिकेट मिळते. ढोकळा, हांडवो, केक, मायक्रोवेव्ह यांसाठी दोन्ही चालतात. ओव्हनमधून काढल्यावर ओल्या ओट्यावर नाही, कोरड्या जाड फडक्यावर ठेवावे. आधी तापवलेल्या भांड्यात गार दूध ओतू नये. भाजी-मांस शिजवताना तळाला थोडे पाणी सुरुवातीपासूनच असावे, नंतर ओतू नये. गॅसच्या ज्योतीवर यातले काहीही ठेवू नये. प्रयोगशाळेतली चंचुपात्रे तिथे टिकतात, कारण त्यांची काच पातळ असते आणि खाली जाळी असते. बेकिंगचे भांडे जाड असते, वाहकता १ असल्याने ज्योतीची बाजू तापते आणि दुसरी गारच राहते. ज्योतीवर चालणारी पारदर्शक भांडी आणि इंडक्शनचा पृष्ठ हे तिसरेच द्रव्य आहे: काचेत मुद्दाम बारीक स्फटिक वाढवलेले ग्लास-सिरॅमिक, ज्याचे प्रसरण जवळजवळ शून्य असते.

काच धुताना तारेची घासणी, राख, वाळू वर्ज्य. करपलेले असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून तासभर भिजवून स्पंजने काढावे. डिशवॉशरमधल्या तीव्र अल्काने सिलिकॉन-ऑक्सिजन बंध सावकाश तुटतात आणि काच कायमची धुरकट होते, त्यावर इलाज नाही. वर्षातून एकदा सगळ्या भांड्यांवरून नख फिरवावे. नख अडकेल असा ओरखडा किंवा कडेचा टवका दिसला तर ते भांडे ओव्हनसाठी बाद, कोरड्या साठवणीला ठेवावे. कढईच्या काचेच्या झाकणांनाही हाच नियम लावावा. ती बहुतेक टफन्ड सोडा-लाइमची असतात, आणि स्टीलच्या पट्टीखाली टवका लपतो, म्हणून पट्टी आणि काच यांच्या सांध्यावरून बोट फिरवून पाहावे.